गाणे लाभलेले गाव

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात आम्ही दोघी बहिणी गेलो होतो, त्या तेथील मराठी शिलालेखासाठी. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास त्या भिंतीवर कोरवून घेतला. मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्यांनी तो एकदा तरी डोळ्यांनी पाहावा, एवढाच हेतू. सोबत आलेल्या तमिळच्या प्राध्यापिकेने जाता जाता सांगितले, की हे देऊळ एवढे थोरले, पण यात्रेकरूंच्या यादीत मात्र नाही. कारण ते 'गायिलेले' नाही.

शब्द कानात राहिला. अप्पर आणि संबंधर सातव्या शतकातले, सुंदरर त्यांच्यानंतरचे. हे तिघे शैव संतकवी गावोगाव चालत गेले आणि ज्या देवळापुढे उभे राहिले त्या देवळाचे पद त्यांनी रचले. ही पदे म्हणजे 'तेवारम्'. ज्या सुमारे पावणेतीनशे स्थळांना असे पद मिळाले ती 'पाडल पेट्र स्थलम्', म्हणजे गाणे लाभलेली स्थळे, आणि शिवभक्त यात्रा करतो ती त्यांची. राजराजाचे देऊळ १०१० साली पुरे झाले. तोवर कवी केव्हाच होऊन गेले होते. राजाने तेवारम् गाण्यासाठी अठ्ठेचाळीस गायक नेमल्याचा लेख त्याच भिंतींवर आहे. दुसऱ्या गावांची गाणी तो आपल्या देवळात गाववीत राहिला. ज्या गावांचे नाव दुसऱ्या एखाद्या स्थळाच्या पदात केवळ ओझरते आले आहे, त्यांचीही तमिळ परंपरेने वेगळी यादी ठेवली आहे. एवढी काटेकोर नोंद आमच्याकडे ठेवली जाते ती फक्त मानपानाची.

परतल्यावर आम्ही इंदिरा पीटरसन यांचे इंग्रजी भाषांतर मिळवून वाचले. आश्चर्य वाटले ते पदांच्या स्थानिकतेचे. नदी, भातशेते, बागा, पाखरे, समुद्रकाठ असेल तर लाटा. देवाइतकेच गाव त्यात असते. आपल्या अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. संबंधराच्या शेवटच्या कडव्यात कवीच्या नावाबरोबर बहुधा स्थळाचेही नाव असते.

आणि मग आम्हांला महड आठवले. आठवले म्हणजे काय, ते आमच्या घरापासून लांब नव्हतेच. आम्ही कर्जतच्या. खोपोलीची गाडी धरायची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्टेशने मागे टाकीत खोपोलीला उतरायचे आणि रिक्षाने महडला जायचे. खालापूर तालुक्यातले हे महड. चवदार तळ्याचे महाड वेगळे आणि दूर. रायगडाबाहेरची माणसे या दोहोंत नेहमी गोंधळ करतात. अष्टविनायकांपैकी वरदविनायक इथला. मूर्ती १६९० साली तळ्यात सापडली, देऊळ १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले आणि गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून तेवतो आहे, असे सांगतात. आमच्या घरात मात्र यातले काहीच कुणी सांगत नसे. माघी चतुर्थीला गर्दी असते, तेव्हा त्या दिवशी जायचे नाही. एरवी मनात आले की जायचे, एवढाच आमचा महडशी व्यवहार होता.

आईने उतारवयात आठही गणपती करायचे ठरविले, तेव्हा हे महड एकाएकी क्रमांक झाले. तिचे म्हणणे, ते सातवे. मोरगावापासून आरंभ, सातवे महड, आठवी पाली. कर्जतहून निघून वाटेत महड आधी करणे तिला मान्य नव्हते. आधी घाट चढून तिकडचे सहा, आणि परतताना हे दोन. आम्ही दोघींनी तिला समजावले. शास्त्रोक्त क्रम म्हणून जो सांगतात त्यात महड चौथे, पालीच्या नंतर, आणि शेवट रांजणगावी. अष्टविनायकांच्या संस्कृत श्लोकात हाच क्रम आहे. हा सातवा क्रमांक तू आणलास कुठून? तिने शांतपणे सांगितले, गाण्यातून.

गाणे म्हणजे १९७९ च्या 'अष्टविनायक' चित्रपटातले, जगदीश खेबुडकरांचे. त्यात प्रत्येक गणपतीला स्वतःचे कडवे आहे, आणि महड सातवे आहे हे खरे. आम्ही हसलो. सिनेमाच्या गाण्याने का यात्रेचा क्रम ठरतो? श्लोकाचा आधार आम्ही पुन्हा पुढे केला, तेव्हा आई म्हणाली, "तो लग्नातला आहे." हेही खरेच होते. मंगलाष्टकांत तो बहुधा पहिलाच म्हटला जातो. मराठी माणसाने महडचे नाव प्रथम ऐकलेले असते ते अंतरपाटाशी, हातात अक्षता घेऊन. पण आम्ही प्राध्यापक होतो आणि वाद जिंकण्याची सवय होती. यात्रा अखेर रस्त्याच्या सोयीने झाली, महड पहिले. आईने तो विषय पुन्हा काढला नाही. परत आल्यावर यात्रेबद्दलही ती फारशी बोलली नाही.

आई गेली त्याला आता काही वर्षे झाली. तेवारम् वाचताना तो वाद परत परत समोर येऊ लागला. श्लोक आठ नावे एका श्वासात ओवतो. त्यातल्या कुठल्याच गावापाशी तो थांबत नाही. त्याचा कर्ता महडला आला होता की नाही हे श्लोकावरून कळण्याचा मार्ग नाही. खेबुडकरांचे गाणेही काही अप्परांचे पद नव्हे, ते पटकथेच्या गरजेतून आलेले आहे. पण ते आठ ठिकाणी थांबते. आईला क्रम हवा होता तो गाण्याचा, कारण यात्रा तिच्या मनात गाण्यानेच रचली होती. तमिळ देशात यालाच परंपरा म्हणतात, आणि आम्ही ती वर्गात कौतुकाने शिकवीत होतो.

या गावाच्या पुराणकथेतही एक कवी आहे. गणेशपुराणाच्या परंपरेनुसार वरदविनायकाची स्थापना गृत्समदाची. ऋग्वेदाचे दुसरे मंडल ज्याच्या नावावर आहे तोच हा ऋषी. त्या मंडलातले ब्रह्मणस्पतीचे सूक्त पुढे गणपतीचे मानले गेले. आठांपैकी सूक्तकाराशी जोडलेले हे स्थळ, पण सूक्तात महडची एकही खूण नाही. भरसभेत जन्मावरून अपमान झालेला गृत्समद घरी येऊन आईला जाब विचारतो आणि तिला शाप देतो, बोरीचे काटेरी झाड होण्याचा. तपश्चर्या त्यानंतरची. ही कथा आम्ही लहानपणी आईच्याच तोंडून ऐकली होती. ती शापाचा भाग भराभर उरकीत असे.

मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघी महडला गेलो. गाभाऱ्यात भक्ताला आत जाऊन स्वतः पूजा करता येते, ती केली. गाणारे कुणी नव्हते. बाहेर आलो तो यात्रेची एक बस येऊन थांबत होती आणि आतल्या बायका टाळ्यांवर तेच गाणे म्हणत होत्या. दार उघडले तरी कडवे पुरे झाल्याशिवाय कुणी उतरेना. चालक हात जोडून उभा. महडचेच कडवे होते. आम्हांला ते ऐकून ओळखता आले, सोबत म्हणता आले नाही.

उतरलेल्यांतल्या एका आजींनी पायरीवर टेकत विचारले, "तुमचा कितवा?"

"आम्ही कर्जतच्या," आम्ही म्हटले.

"अगो बाई, म्हणजे घरचाच की," त्या म्हणाल्या, आणि चप्पल सांभाळायला आमच्याकडे देऊन आत गेल्या.