कणीक, ब्रेड मशीन आणि एक पीळ

कर्जत-खालापूर म्हणजे भाताचा मुलुख. इथल्या संशोधन केंद्रानं काढलेल्या वाणांची नावंच मुळी 'कर्जत-३', 'कर्जत-१८४'. तिथे मी वीकेंडला गव्हाचा पाव भाजतो, ब्रेड मशीनमध्ये!

या मशीनची गोष्ट आपल्या धंद्यातलीच आहे. १९८५ साली ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीच्या मशीनला पीठ काही नीट मळता येईना. मग इकुको तानाका नावाची त्यांची सॉफ्टवेअरवाली एका हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेली. तिच्या लक्षात आलं, की तो पीठ नुसतं ताणत नाही, पीळही देतो. त्यानुसार मशीनच्या आत खास पट्ट्या बसवल्या आणि १९८७ साली ते बाजारात आलं.

पण आपली कणीक वेगळी. चक्कीत पिठातला स्टार्च जास्त भरडला जातो, म्हणून ती मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. कोंडा सावकाश भिजतो आणि ग्लुटेनचे धागे तोडतो. म्हणून पाणी थोडं वाढवायचं, कणीक अर्धा तास भिजू द्यायची, मगच यीस्ट घालून मशीन सुरू.

"आई, पाणी नक्की किती गं?"

"पोळीच्या कणकेपेक्षा सैल. बोट लावून बघ ना!"

झालं! हे स्पेसिफिकेशन कुठेच लिहिलेलं नाही, फक्त तिच्या बोटांत आहे. पाव काय, विकतही मिळतो. हे मिळणार नाही. तेव्हा तानाकाबाईंसारखं शेजारी उभं राहून शिकायचं, आई आहे तोवर.