उणे ५१७

त्या बोर्डात दोष नव्हता. तरीही आम्ही त्याच्यावरची वीजपुरवठ्याची चिप दोनदा बदलली. कारण लिनक्स बूट होताना लॉगमध्ये दर वेळी एक ओळ उमटायची: सेन्सरला वीजपुरवठा मिळाला नाही, एरर उणे ५१७. आमच्या चाचणीचा नियम असा, की लॉगमध्ये एरर दिसली की बोर्ड नापास. लॅबमधला टेक्निशियन मल्टिमीटर लावून सांगत होता, "सर, ३.३ व्होल्ट बरोबर येतायत." सेन्सर तापमानही नीट दाखवत होता. पण कर्नल म्हणतोय म्हटल्यावर मी त्या आकड्यांवरच संशय घेतला. दोन दिवस गेले.

शेवटी कर्नलच्या सोर्समध्ये ५१७ शोधलं. नाव सापडलं 'ईप्रोबडिफर'. म्हणजे, मला ज्याची गरज आहे तो ड्रायव्हर अजून तयार नाही, मला नंतर पुन्हा बोलवा. कोणता ड्रायव्हर आधी सुरू होईल याचा नेम नसतो. म्हणून २०१२ पासून कर्नल अशा खोळंबलेल्यांची यादी ठेवतो आणि त्यांना पुन्हा संधी देतो. आमचा सेन्सर दुसऱ्या खेपेला बिनबोभाट सुरू होत होता. पण सगळं जमलं की त्याचा ड्रायव्हर काहीच छापत नसे. लॉगमध्ये उरायचं ते न घडलेलं अपयश.

रागाच्या भरात मी ती ओळच काढून टाकणारा पॅच पाठवला. ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मेंटेनरने तो परत केला: उद्या वीज खरोखरच मिळाली नाही, तर लोकांना कळणार कसं? त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. खोटा इशारा वाईट, पण खरा इशारा गिळून टाकणं त्याहून वाईट.

२०२० साली कर्नल ५.९ मध्ये 'डेव्ह-एर-प्रोब' नावाचं फंक्शन आलं, ते नेमकं यासाठीच. एरर ५१७ असेल तर ते गाजावाजा न करता खोळंब्याचं कारण बाजूला नोंदवून ठेवतं. दुसरी कुठलीही असेल तर ठळक छापतं. दुसऱ्या पॅचमध्ये मी तेच वापरलं. बदल दोन-तीन ओळींचा, सोबतचं स्पष्टीकरण मात्र दोन परिच्छेदांचं. ते मी मन लावून लिहिलं: काय दिसत होतं, आम्ही काय समजलो, प्रत्यक्षात काय होतं.

पॅच स्वीकारला गेला. त्यानंतर बोर्डावरून उतरवलेल्या दोन्ही चिप्स तपासून घेतल्या. दोन्ही चांगल्या होत्या.