अंगठा हलतो कोपराखालून!

आधी एक करा. उजव्या हाताची बोटं सरळ ठेवा आणि अंगठा जमेल तेवढा मागे ताणा. मनगटाजवळ अंगठ्याच्या बुडाशी दोन दोऱ्या ताठ उभ्या राहिल्या? मधे खळगा पडला? त्या खळग्यात डाव्या हाताचं बोट टेकवा, थोडं दाबा, थांबा. ठोका लागतो! डॉक्टर मनगटावर जिची नाडी बघतात तीच रक्तवाहिनी वळसा घेऊन या खळग्यातून जाते. पूर्वी लोक तपकिरीची चिमूट इथेच ठेवून नाकाने ओढायचे. इतकी वर्षं हा हात वापरतोय आणि हे कोणीच कसं सांगितलं नाही!

मला याचं वेड लागलं ते मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या लवाद्यात. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी तिथे संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथल्या हातांनी बांबूच्या राख्याही घडवल्या. एक कारागीर सुरीने कामटी तासत होता. सगळे सुरीकडे बघत होते, मी त्याच्या हाताकडे. अंगठा जरासा सरकला की कोपराखालचं मांस कातडीआड सळसळायचं. अंगठा इथे, हालचाल तिथे! मी त्याला अंगठा ताणायला लावला, तर दोऱ्या अशा उठल्या की मी ओरडलोच. तो हसला, ‘‘यात काय पाह्यता भाऊ? हे त साऱ्याइच्याच हातात राह्यते!’’

खरंच की! आणि पुढचं ऐका. आपल्या बोटांमध्ये स्नायूच नसतात. अंगठ्याच्या बुडाशी तळहातात गुबगुबीत स्नायू आहेत, पण अंगठा मागे ताणणारे सगळे कोपर आणि मनगट यांच्या मधे बसलेत. तिथून निघतात त्या कंडरा, आपण ज्यांना सरसकट शिरा म्हणतो त्या दोऱ्या. खळग्याची तळहाताकडची कड एकच दोरी वाटते ना? त्या दोन आहेत, एकमेकींना चिकटून! एक अंगठ्याच्या बुडाच्या हाडाला धरते, दुसरी मधल्या हाडाला. पलीकडच्या कडेची तिसरी थेट नखाखालच्या हाडापर्यंत जाते. तीन हाडं, तीन दोऱ्या!

ही तिसरी तर कमाल आहे. ती सरळ येतच नाही. मनगटाच्या मागे हाडाला छोटा उंचवटा आहे. विहिरीच्या चाकावरून दोर वळावा तशी ती त्याला वळसा घालून अंगठ्याकडे तिरपी निघते. तळहात टेबलावर पालथा टेकवा आणि नुसता अंगठा वर उचला. उचलतेय ती हीच! ती तुटली तर हाताचे सर्जन काय करतात? तर्जनी सरळ करायला दोन कंडरा असतात. त्यातली एक काढून अंगठ्याला जोडतात. तर्जनी तरीही सरळ होते!

मनगटाच्या मागच्या बाजूला बोटं, अंगठा आणि मनगट मागे ताणणाऱ्या सगळ्या दोऱ्या सहा बोगद्यांतून जातात. अंगठ्याच्या त्या जुळ्या दोघी पहिल्या बोगद्यात असतात. तो बोगदा आतून जाड झाला की त्या अडकतात, ठणकतात. फ्रिट्झ द केरव्हँ या स्विस सर्जनने 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना ते बरेचदा गाठतं. म्हणजे बाळाच्या काखांत हात घालून त्याला उचलताना ताणतात त्या याच दोऱ्या. पिळताना, कापताना, विणतानाही त्यांचीच ओढाताण.

लवाद्यातल्या त्या दिवसापासून मी माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त बघतो. धारणीच्या बाजारात भाजीची जुडी बांधणारी बाई असो की तळहातावर तंबाखू मळणारा म्हातारा, अंगठा हलला की माझी नजर कोपराखाली. तुम्हीही बघाच!