चिकूची दिवाळी मुक्तेश्वरला

ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांना दिवाळीचं वेगळं सांगायला नको. आपल्याला चकलीचा वास येतो तेव्हा त्याला पलंगाखालची जागा आठवते. दिल्लीत आमचा चिकू लक्ष्मीपूजनाच्या दुपारपासूनच बाथरूममध्ये जाऊन बसतो. जेवत नाही, पाणी पीत नाही, नुसता थरथरतो. आता तो नऊ वर्षांचा झालाय. गेल्या वर्षी तपासताना त्याच्या डॉक्टरांनी बाबांना स्पष्टच सांगितलं की, या वयात दरवर्षी एवढा ताण त्याच्या हृदयाला बरा नाही.

बाहेरगावी जाणं हा उपाय सगळ्यांनाच सुचला, पण आमच्या घरात सगळ्यांनी मिळून बाहेर जाणं जवळजवळ बंदच झालं होतं. चिकूजवळ कोणीतरी थांबायचं आणि ते कोणीतरी म्हणजे नेहमी आजी. शिवाय तिला बाहेरचं जेवण सोसत नाही, म्हणजे तिलाही ते सोयीचंच होतं, असं आम्ही धरून चाललो होतो. या वेळी बाबांनी विषय काढताच ती म्हणाली, “लक्ष्मीपूजनाला घराला कुलूप? लक्ष्मी काय पत्ता विचारत तुमच्या मागे डोंगरात येणार आहे?”

अडलेली गाडी स्वयंपाकघरामुळे सुटली. हॉटेलऐवजी गॅस, कुकर, भांडी असलेलं पूर्ण कॉटेज घेऊ आणि रोजचा स्वयंपाक आपणच करू, असं आईने सांगितल्यावर आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पुरणयंत्र मिळणार नाही तिथे. ते घ्या बरोबर.” म्हणजे होकार!

असं कॉटेज शोधणं मात्र सोपं नाही. ‘पेट फ्रेंडली’ लिहिलेल्या एका ठिकाणी फोन केला तर कळलं, कुत्र्याने बाहेरच्या शेडमध्ये झोपायचं. डोंगरातल्या थंडीत, तेही बिबट्याच्या भागात! म्हणून बुकिंगआधी मोकळेपणाने विचारा: कुत्रा खोलीत झोपू शकतो का? आवाराला कुंपण आहे का? मालकाची स्वतःची कुत्री आहेत का, आणि ती पाहुण्या कुत्र्याशी कशी वागतात? स्वयंपाकघर खरंच आपल्या ताब्यात असतं, की फक्त चहाची किटली ठेवलेली असते?

आम्ही निवडलं उत्तराखंडातलं मुक्तेश्वर. दिल्लीहून साधारण ३५० किलोमीटर, हल्द्वानी-काठगोदाममार्गे भीमताल, भवाली आणि मग वर. पहाटे चारला गाडी काढली. घाटात कुत्र्यांनाही गाडी लागते, म्हणून निघण्याआधी चार तास चिकूला पोटभर खायला दिलं नाही. वाटेत दर दोन तासांनी थांबून थोडं पाणी पाजलं. रेल्वेने जायचं असेल तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल, तरच कुत्रा सोबत नेता येतो. त्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात करावं लागतं आणि लसीकरणाचे कागद जवळ लागतात. एरवी त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसावं लागतं. चिकूसारख्या घाबरटाला मी तरी त्या पेटीत बसवणार नाही.

मुक्तेश्वर जवळजवळ २,३०० मीटर उंचीवर आहे. आमचं कॉटेज गावाबाहेर, सफरचंदाच्या बागेत होतं. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, समोर दरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश धुतल्यासारखं असतं आणि त्रिशूळ, नंदादेवी, नंदाकोट अशी शिखरं सकाळी अंथरुणातूनच दिसतात. नंदादेवी ७,८१६ मीटरची. आजीने पहिल्या सकाळी खिडकीतूनच हात जोडले आणि गॅस कुठे आहे ते विचारलं.

त्या स्वयंपाकघराबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आमची निम्मी सुट्टी तिथेच गेली. एवढ्या उंचीवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजत ठेवली तरी दाताखाली येते. इथे कुकर हवाच! बाजारात ‘गहत’ नावाची डाळ दिसली. आजीने मूठभर हातात घेतली आणि हसायलाच लागली. “अगं, हे तर आपले कुळीथ!” आमचं मूळ गाव कोकणात. मुतखड्यावर कुळीथ चांगले, हे आजीचं ठाम मत. दुकानदारानेही गहतबद्दल तेच सांगितलं. मडुवा म्हणजे नाचणी. त्या संध्याकाळी हिमालयासमोर बसून आम्ही कुळथाचं कळण आणि नाचणीची भाकरी खाल्ली. चिकूला त्याचा नेहमीचा भात आणि उकडलेलं चिकन. घरचं जेवण मिळालं म्हणून असेल, पण नव्या जागी तो पहिल्याच दिवशी जेवला.

फराळाचे डबे मात्र उंच फळीवर ठेवले होते. बेदाणे आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ‘एकच लाडू’ म्हणून कोणी प्रेमाने भरवू नये. चॉकलेट आणि कांदा-लसूणही वर्ज्य.

कॉटेज सांभाळणारं जोडपं नेपाळचं. त्या दादांना आम्ही दाइ म्हणायचो आणि ताईंना दिदी. दाइंनी आल्या आल्या एकच नियम सांगितला: अंधार पडायच्या आत कुत्रा घरात. बिबट्याला तिथले लोक बाघ किंवा गुलदार म्हणतात, आणि कुत्रा ही त्याची आवडती शिकार. धनगरांच्या भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, तो बिबट्याने मानगूट धरू नये म्हणूनच. नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, म्हणून चिकूची शेवटची फेरी पाच वाजता व्हायची. रात्री जावंच लागलं तर साखळी, दोन मोठे टॉर्च आणि दोन माणसं, तेही दारापासून चार पावलांवर.

धाकट्या भावाला हे सगळं जरा अतीच वाटत होतं. दुसऱ्या रात्री खालच्या जंगलातून भेकराचं भुंकणं ऐकू आलं, एकसारखं, थांबून थांबून. चिकू दाराकडे गेला, अंगावरचे केस उभे राहिले आणि मागे सरकून तो आजीच्या पायाशी येऊन बसला. दाइंनी बाहेरचा दिवा लावला. काही दिसलं नाही. आवाज बंद झाल्यावरही बराच वेळ आजीचा हात चिकूच्या डोक्यावर होता. त्यानंतर साखळी घ्यायला भाऊच आधी उठायचा.

नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लावून आमच्या आंघोळी झाल्या आणि दारात दिदी उभ्या. हातात झेंडूची माळ आणि टिळ्याची ताटली. नेपाळमध्ये हा दिवस ‘कुकुर तिहार’ म्हणून कुत्र्यांच्या पूजेचा असतो! चिकूच्या कपाळाला टिळा लागला, गळ्यात माळ पडली, पुढ्यात उकडलेलं अंडं आलं. मला वाटलं, आजी काहीतरी बोलेल. ती आत गेली, आपलं निरांजन घेऊन आली आणि म्हणाली, “वसुबारसेला गाईला ओवाळतो, मग याने काय घोडं मारलंय?”

लक्ष्मीपूजनाला शेजारच्या कुमाऊनी काकूंनी उंबऱ्यावर ऐपण काढून दिलं. गेरूवर भिजवलेल्या तांदळाच्या पिठाने बोटांनी काढलेली लक्ष्मीची पावलं. आजीने बाजूला आपली रांगोळी काढली. पुरणयंत्रही वापरलं गेलं. रात्री बाजाराच्या बाजूने दहा-बारा फटाके वाजलेच, पण ते दूर होते. चिकूने कान टवकारले, आईकडे पाहिलं आणि पुन्हा घोंगडीवर डोकं टेकलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिचे डोळे भरले होते.

फिरणं आम्ही थोडंच केलं. चौली की जालीचे कडे पाहिले. तिथे कठडा सगळीकडे नाही, साखळी सोडू नका. मुक्तेश्वर महादेवाच्या मंदिरात आळीपाळीने गेलो, कारण कुत्रा आत चालत नाही. बाबांना आवडली ती इथली जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी जुनी संस्था. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था १८८९ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये इथे हलवली गेली. संसर्गजन्य रोगांवर काम करायचं, तर वस्तीपासून दूर, थंड जागा हवी होती. रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये इथे येऊन गेले होते.

जायचं असेल तर दिवाळीचं बुकिंग दोन-तीन महिने आधी करा. मार्चमध्ये बुरांशच्या लाल फुलांनी जंगल पेटलेलं असतं, तेव्हाही छान. गोचीड आणि जुलाबाची औषधं डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा, कारण डोंगरात जनावरांचा डॉक्टर गाठायला वेळ लागतो. पावसाळ्यात मात्र नको. रस्त्यावर दरडी कोसळतात आणि कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत जळवा शिरतात. आम्ही निघताना आजी दाइंना विचारत होती, “मार्चमध्ये हाच गॅस मिळेल ना? याचा मोठा बर्नर चांगला आहे.”