दुबई जवळची, मुंबई लांबची

भूगोल शिकविणाऱ्या मास्तराला अंतरे सांगण्याची भारी हौस असते. भिंतीवर नकाशा टांगावा, त्यावर पट्टी ठेवावी आणि मुलांना बजावावे, ‘मुंबई ते दुबई सुमारे १९०० किलोमीटर!’ पण आमच्या झरीत हा हिशेब कोणाला पटेल तर शपथ. येथली मंडळी म्हणतात, “दुबई काय हो, तीन तासांवर. लांब आहे ती मुंबई!”

आणि त्यांचे खोटे तरी काय आहे? झरीहून एस.टी.ने परभणी गाठायची, संध्याकाळी देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, रात्रभर पेंगत सकाळी मुंबईला उतरायचे आणि विमानतळावर तासन् तास रांगेत उभे राहायचे. एवढे सोसले की पुढचा समुद्र म्हणजे केवळ डुलकीचा प्रवास. त्यातून तिकडचे घड्याळ आपल्यामागे दीड तास. मुंबईहून सकाळी नऊला निघालेला माणूस दुबईच्या साडेदहाला तेथे हजर!

हे शेजारपण काही आजचे नव्हे. १९३२ साली शारजाला इंपीरियल एअरवेजच्या विमानांचा तळ झाला. लंडनचे टपाल घेऊन ती विमाने कराचीला येत. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला उतरले. आखातात तेव्हा आपलाच रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ पर्यंत त्या चालल्या. पुढे १९८५ च्या ऑक्टोबरात दुबईची एमिरेट्स कंपनी सुरू झाली, तेव्हा तिची पहिली विमाने निघाली तीही कराची-मुंबईकडेच.

१९९० साली इराकने कुवेत घेतले तेव्हा मी शाळकरी पोर होतो. कुवेतमधले आपले लोक वाळवंट तुडवीत जॉर्डनमधल्या अम्मानला पोचले. तेथून एअर इंडियाच्या विमानांनी दोनेक महिन्यांत पावणेपाचशेच्या वर खेपा करून दीड लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच होती. कितीएक घरांत पणत्या लागल्या त्या या खेपांमुळे.

दिवाळी जवळ आली, की आमच्या वाण्याच्या दुकानातल्या काट्यावर साखरेऐवजी बॅगा चढू लागतात. तीस किलोच्या वर एक मूठही चालायची नाही! मग मुलगा सदरे काढतो आणि आई त्या जागी अनारसे भरते. “कपडे तिकडे मिळतील रे, हे कोण देणार?” या युक्तिवादापुढे कोणत्याही कंपनीच्या नियमाने मान तुकवावी.

पण प्रत्येक वेळी बॅगेत फराळच असतो असे नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीतले एक आजोबा सकाळीच गेले. त्यांचा मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, शारजाला होता. मालकाची सुटी, पासपोर्ट, तिकीट यांतच त्याचा दिवस सरला. रात्री विमान मिळाले आणि पहाटे तो मुंबईला उतरलाही. गावाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि तिरडी उचलली. दिवेलागणीला तो आला तेव्हा राख धुमसत होती. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, समुद्र नाही आडवा आला. जमीनच आडवी आली.”

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आनंदच आहे. पण आम्हांला जवळ नांदेडचा विमानतळ. तेथून एखादे विमान आखाताकडे झेपावेल, तर त्या दिवशी झरीत निराळी दिवाळी करू.

तोवर घराघरांतल्या आया आपल्या रीतीने अंतर मोजीत राहतील. मुलगा निघाला, की रात्री त्या अंथरुणाला पाठ टेकीत नाहीत. उशाशी फोन असतो. तो वाजतो, पलीकडून एकच शब्द येतो, “पोचलो.” मग माउली दिवा मालवते.