दहा दिवसांचं उत्तर

आण्णा आले ते मेजावर मोबाईल ठेवून उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. सांगली-मिरजेच्या औद्योगिक पट्ट्यात त्यांची छोटी फौंड्री आहे. दोघे भाऊ, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, पन्नास-साठ कामगार. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ होता. सुट्टीच्या दिवशी काढलेलं कारखान्याचं बंद फाटक, त्यावर लाल अक्षरांत ‘दिवाळं निघालं, मालक फरार’.

“वकीलसाहेब, आमचं नाव मातीत घातलं बघा. आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ.”

मी विचारलं, “त्याआधी कुणाची नोटीस-बिटीस आली होती का?”

त्यांनी पिशवीतून एक लिफाफा काढला. स्पीड पोस्टाचा, न फोडलेला. हातात पडून सात दिवस झाले होते. आत साताऱ्याकडच्या एका पिग आयर्न पुरवठादाराची नोटीस होती. एक कोटी चौदा लाख रुपये थकले आहेत, दहा दिवसांत द्या, नाहीतर नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली अर्ज करू. मी आण्णांना म्हटलं, “व्हिडिओचं उद्या बघू. आज हे.”

त्यांना ते पटलं नाही. माझ्या बावीस वर्षांच्या वकिलीत ते कुणालाच पहिल्या दिवशी पटलेलं नाही. अब्रूवर घाला आलेला माणूस हिशेबाच्या कागदाकडे बघत नाही, हे मला समजतं. पण आपल्या भागातले कितीतरी उद्योजक नेमके इथेच फसले. बदनामीमागे धावले आणि नोटिशीचं उत्तर राहून गेलं.

ही नोटीस साध्या वसुलीच्या नोटिशीसारखी नसते. संहितेच्या कलम ८ खाली ती आली की कंपनीला दहा दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे दिल्याचं दाखवायचं, नाहीतर मालाबद्दल, सेवेबद्दल किंवा रकमेबद्दल आधीपासून वाद आहे हे लेखी कळवायचं. दहा दिवस उलटले म्हणजे सगळं संपलं असं नाही, वाद पुढेही दाखवता येतो. पण गप्प बसलेल्याकडे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण (एनसीएलटी) जरा संशयानेच बघतं. अर्ज दाखल करून घेतला गेला, तर संचालक मंडळाचे अधिकार त्याच क्षणी गोठतात. कारखान्याच्या किल्ल्या, चेकबुक, बँकेतल्या सह्या हे सगळं न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्युशन प्रोफेशनलकडे जातं आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून येते. त्यानंतर पुरवठादाराशी समेट केला तरी भागत नाही. अर्ज मागे घ्यायचा तर, एकदा धनकोंची समिती बसली की तिची नव्वद टक्के मतं लागतात.

पूर्वी लाखभर रुपयांच्या थकबाकीवरही हा अर्ज करता येई. २४ मार्च २०२० पासून ती मर्यादा एक कोटीवर गेली आणि आपल्याकडच्या लहान कंपन्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. भागीदारी पेढी किंवा एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर ‘एनसीएलटीत ओढतो’ या धमकीला अर्थ नाही. संहितेतला त्यांच्यासाठीचा भाग अजून लागूच झालेला नाही. त्यांची नादारी आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली, जिल्ह्याच्या न्यायालयातच चालते. मात्र कंपनीच्या कर्जाला ज्याने स्वतः हमी दिली आहे, त्याच्यावर १ डिसेंबर २०१९ पासून ही संहिता चालते. अशा माणसाचं राहतं घरही त्यात येऊ शकतं, आणि हमीपत्रावर सही करताना ही गोष्ट त्याला क्वचितच कुणी सांगतं.

त्या रात्री आण्णांना मी ‘नच बलिये’ची गोष्ट सांगितली. या टीव्ही कार्यक्रमाच्या मतदानाचं काम मोबिलॉक्स नावाच्या कंपनीकडे होतं. तिने त्यातला काही भाग किरुसा या कंपनीला दिला. किरुसाने आपल्या संकेतस्थळावर ‘हे काम आम्ही केलं’ असं टाकलं. मोबिलॉक्सचं म्हणणं, गुप्ततेचा करार मोडला, पैसे देणार नाही. तसा ईमेल तिने जानेवारी २०१५ मध्ये पाठवला होता. डिसेंबर २०१६ मध्ये किरुसाने दिवाळखोरी संहितेची नोटीस काढली. न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने अर्ज फेटाळला, दिल्लीच्या अपिली न्यायाधिकरणाने तो निर्णय फिरवला, आणि २१ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबिलॉक्सच्या बाजूने निकाल दिला. वाद कोर्टात गेलेलाच असला पाहिजे असं नाही. तो पोकळ नसावा आणि नोटिशीच्या आधीचा असावा, एवढं बस्स. मोबिलॉक्सला वाचवलं ते जवळजवळ दोन वर्षांपूर्वीच्या एका ईमेलने.

“आमच्याकडं असला ईमेल कुठला?” आण्णा म्हणाले. “आम्ही सगळं फोनवरच बोलतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फौंड्रीत गेलो. ऑफिसच्या कपाटावर तीन बॉक्स फायली होत्या, त्यांवर वाळूची पूड बसलेली. पुरवठादाराच्या पिग आयर्नमध्ये सिलिकॉन कमी निघालं होतं. त्यामुळे कास्टिंग कडक येत होती, मशीनिंगला टूल तुटत होते आणि गिऱ्हाइकाने दोन लॉट परत पाठवले होते. हे सगळं आण्णांना तोंडपाठ होतं, कागदावर मात्र विखुरलेलं. काटा पावत्या इतक्या फिकट झाल्या होत्या की आकडे वाचायला खिडकीशी जावं लागलं. प्रयोगशाळेचा अहवाल सापडला तो मोल्डिंग विभागातल्या पोराच्या फोनमध्ये. त्यानेच तो पुरवठादाराच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, खाली फक्त ‘साहेब हे बघा’. तारीख नोटिशीच्या पाच महिने आधीची. त्या तीन शब्दांवर आमचं सगळं उत्तर उभं राहिलं. गिऱ्हाइकाच्या रिजेक्शन नोटा आणि डेबिट नोट जोडून नवव्या दिवशी ते स्पीड पोस्टाने गेलं, ईमेलनेही गेलं.

इकडे तो व्हिडिओ गावभर फिरतच होता. चार दिवसांत कोकवाल्याने उधारी बंद केली. बँकेच्या शाखेतून ‘सहज’ म्हणून फोन आला. दोन जुन्या मोल्डरांनी हिशेब मागितला. कंपनीचा ताळेबंद आठवड्यापूर्वी होता तसाच होता, पण भट्टी पेटवायला लागणारा कोक आता रोखीने आणावा लागत होता, आणि तेवढी रोकड कुठल्या लहान फौंड्रीत असते?

हे मी पूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २००६ साली मी साताऱ्यात ज्युनिअर होतो. १९३६ साली स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक म्हणजे साताऱ्याचा अभिमान. २ सप्टेंबरला, शनिवारी, रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून तिच्या व्यवहारांवर सरकारी स्थगिती आली. गणपतीचे दिवस होते. सोमवारी शाखेबाहेर रांग लागली आणि रांगेत एकच शब्द होता, ‘बुडाली’. कुणाचं लग्न तोंडावर, कुणाच्या घरी आजारपण. तो शब्द मंडपामंडपांतून फिरला. ३ ऑक्टोबरला बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि ठेवी शाबूत राहिल्या. पुढच्याच एप्रिलमध्ये १९१६ सालची सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. सहा-सात महिन्यांत कृष्णाकाठच्या दोन बँकांची नावं पुसली गेली, याची हळहळ मला आजही वाटते. पण त्या रांगेत माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. पैसे काढण्यावर निर्बंध येणं वेगळं आणि बुडणं वेगळं. तसंच नोटीस येणं वेगळं, अर्ज होणं वेगळं, तो दाखल करून घेतला जाणं वेगळं आणि कंपनी अवसायनात जाणं अगदीच वेगळं. आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो, दिवाळं. त्या एका शब्दाने चालता कारखाना बंद पडू शकतो.

मग व्हिडिओकडे वळलो. आण्णांना पहिलं सांगावं लागलं ते हे, की बदनामीच्या तक्रारीवर पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करायची असते. आण्णांच्या वेळी त्यासाठी भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा तर वर्षाच्या आत.

पुरावा हा दुसरा अडथळा. स्क्रीनशॉटची छापील प्रत कोर्टात ठेवून भागत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की मूळ उपकरणच कोर्टापुढे आणलं तर ठीक, नाहीतर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवंच. म्हणून माझ्या अशिलांना मी सांगतो, रागाच्या भरात फोन फॉरमॅट करू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका, ज्याने तुम्हाला व्हिडिओ पाठवला त्याचा फोनही जपायला सांगा. ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर राग काढण्यातही अर्थ नसतो. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं.

आण्णांच्या धाकट्या भावाला उलट व्हिडिओ काढायचा होता, पुरवठादाराने भेसळीचा माल दिला असा. मी हट्टाने थांबवलं. नोटिशीच्या उत्तरात ‘सिलिकॉन कमी’ म्हणणं हा आपला बचाव आहे. तेच गावभर ‘भेसळ’ म्हणून फिरवलं तर उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात आपण.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती त्यांना बोचली, पण सांगायलाच हवी होती. ‘या कंपनीकडे माझे पैसे अडकलेत’ असं एखाद्या पुरवठादाराने किंवा पगार थकलेल्या कामगाराने खरं खरं लिहिलं, तर त्याचं तोंड बंद करायला मी फिर्याद लिहिणार नाही. जे खरं आहे ते लोकांच्या भल्यासाठी सांगण्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे, आणि तसंच असायला हवं. आमचं भांडण ‘फरार’ या शब्दाशी होतं. आण्णा त्या दिवशीही सकाळी सातला फाटकावर हजर होते.

व्हिडिओ पुरवठादाराने काढलाच नव्हता. नोकरी सुटलेल्या एका ओळखीच्याच पोराने काढला होता. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याची आई आण्णांच्या घरी येऊन बसली. फिर्याद करायची नाही असं आण्णांनीच ठरवलं. माझी अट एकच होती. ज्या ग्रुपांवर टाकलं, त्याच ग्रुपांवर ‘ते खोटं होतं, कारखाना चालू आहे’ असं त्याने स्वतःच्या नावाने लिहायचं. त्याने लिहिलं.

पुरवठादार मुंबईला न्यायाधिकरणात गेला नाही. त्याने दिवाणी दावा लावला आणि तो अजून चालू आहे. दहा-बारा लाख आण्णांना द्यावे लागतील असं मला वाटतं, आणि ते त्यांना मान्यही आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा-सांगलीच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. कंपन्यांच्या नादारीसाठी मात्र अजून मुंबईच गाठावी लागते. लहान कंपनीला तो प्रवास, तिथला राहण्याचा खर्च आणि वकिलाची फी पेलत नाही. न्यायाधिकरणाचं कामकाज महिन्यातून काही दिवस तरी कोल्हापुरात चालावं, ही मागणी आपल्या उद्योजक संघटनांनी लावून धरली पाहिजे.

उत्तर गेल्यानंतर साधारण दीड महिन्याने आण्णांचा सकाळी फोन आला. मागे क्युपोला भट्टीच्या पंख्याचा आवाज इतका, की निम्मं ऐकू येईना. कोकची गाडी आली होती. “पैसे किती द्यावे लागले?” मी ओरडून विचारलं.

“बिलावर तीस दिवस लिहिलंय,” ते म्हणाले, आणि गाडी खाली करून घ्यायला गेले.