बिनशिराची आणि नुसत्या मुखाची

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगाव ठाण मांडून बसलं आहे. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं हे गाव या कॉलेजातल्याच सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञ मंडळींनी 1968 ते 1983 या काळात थरामागून थर उकललं. ज्वारी-बाजरीच्या रानाखाली तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, चुली निघाल्या. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी होती आणि तिच्यासंगे स्त्रीमूर्ती नि बैल.

यातल्या एका मूर्तीला डोकंच नाही. तुटलेलं नव्हे, केलेलंच नाही. पोटाला एक भोक, बैलाच्या पाठीलाही एक. मधून काडी घातली की बाई बैलावर स्वार! माती कच्ची, भट्टी न पाहिलेली. छाती तेवढी ठसठशीत. बाकी सगळं दोन-चार चिमटींत उरकलेलं. घडवणाऱ्याला घाई असावी, पण काय वगळायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिकडे सिसिलीतल्या ग्रीक कुंभारानं नेमकं उलटं वगळलं. धान्यदेवी डिमीटर किंवा तिची लेक पर्सेफनी घडवताना तो साच्यातून नुसतं मुख काढी. गळा आणि फार तर छातीपर्यंत. मागून पोकळ, वरच्या बाजूला टांगायला भोक. भाजून, पांढरा हात देऊन वर रंग. ही पर्सेफनी पाताळात दिलेली. वर्षातला काही काळच आईकडे यायची. ती आली की शेतं पिकायची.

ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर आमच्याकडेही गौरींचे मुखवटेच येतात. धड म्हणजे धान्यानं भरलेले डबे. त्यावर मुखवटा टेकवायचा, निऱ्या काढायच्या, पदराला टाचणी लावायची. आई दोन पावलं मागे सरून म्हणते, "मान वाकडी दिसतेय गं, जरा डावीकडे घे." मान नसतेच, तरी ती सरळ होते. ज्येष्ठेला पुरणपोळी, मुळावर पाठवणी.

कुंभार देवी अर्धीच देतो, असं मला वाटतं. इनामगावच्या घरात त्या बिनशिर बाईला चेहरा कुणाचा दिला असेल? बाळंतपणातून सुखरूप उठलेल्या सुनेचा, की न उठलेल्या लेकीचा? हे मातीत सापडणार नाही. ते काम घरच्यांकडे सोपवलेलं होतं. म्हणून काचेआडची मूर्ती अपुरी दिसली की ती मोडकी म्हणण्याआधी मी थांबते. कदाचित तिला घरच तेवढं कमी पडत असेल.